मांजर कुणाशी बोलतं

चप्पल खाली ठेव आधी. ठेव म्हणतो ना! त्या मांजरानं तुझं काय घोडं मारलंय? गच्चीच्या कठड्यावर बसलंय बिचारं, बसू दे. दिवे काही इतक्यात यायचे नाहीत, खाली जाऊन तरी काय करणार? बसा सगळे. आणि त्याच्याकडं असं टक लावून बघू नका. आपल्याला वाटतं आपण कौतुकानं बघतोय, त्याला वाटतं हा आता अंगावर येणार.

हे मला बोक्यानं शिकवलं. बोका म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. खरं नाव सांगत नाही, कारण माणूस हयात आहे आणि हा विषय निघाला की उठून चालायला लागतो. जनावरांच्या दवाखान्यात बावीस वर्षं कंपाउंडर. अंगानं काडी, मिशा मात्र दोन्ही बाजूंना ताठ. मांजरं धरण्यात त्याचा हात कुणी धरला नाही, म्हणून सगळे बोका म्हणायचे. आमच्या वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणायच्या, "नावाचा बोका. घरात उंदीर निघाला की पलंगावर चढतो."

आता हसून घ्या. पुढं हसायला फारसं काही नाही.

बोक्याची एक खोड होती. मांजर टेबलावर ठेवलं की ते काय म्हणतंय ते तो मालकाला मोठ्यानं सांगायचा. न्यायालयात दुभाषी असतो ना, तसा. "शेपटी काठीसारखी उभी आणि टोकाला आकडा, म्हणजे ती म्हणते, तू आलास, बरं झालं." "कान मागं पडले, आता पंजा येणार, बोटं काढा." "डोळे सावकाश मिटून उघडले, म्हणजे तुमच्यावर विश्वास आहे." लोकांना गंमत वाटायची. जनावर दाखवायला आलेले लोक डॉक्टरबाईंपेक्षा याच्याभोवती गोळा व्हायचे. डॉक्टरबाई म्हणायच्या, "अहो, थोडं मनात ठेवत जा. झाकली मूठ सव्वा लाखाची." पण बावीस वर्षांची सवय. मांजर दिसलं की जीभ सुटायची.

आणि त्याचं एक ठाम सांगणं होतं. ते नीट ऐका, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. मोठं झालेलं मांजर दुसऱ्या मांजराला म्याव करत नाही. भांडताना किंचाळेल, फिस्कारेल, अंगाला अंग घासेल. पण म्याव नाही. पिल्लं आईला करतात, तेवढंच. मोठेपणी मांजरं म्याव राखून ठेवतात ते आपल्यासाठी. मांजर म्याव म्हणालं, की समोर माणूस आहे.

बरं. त्या दवाखान्यात एक शिवणकाम करणाऱ्या बाई यायच्या. सत्तरीच्या. सगळ्या गल्लीच्या त्या आत्या. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या, ओठांच्या मध्ये, सहा-सात, ओळीनं. त्यामुळं बोलणं थोडंच. समोरच्याचं म्हणणं विचारायचं असलं की फक्त "हं?" म्हणायच्या, नाकातून, शेवटी वर चढवून. ब्लाउजचं माप जुळवून टाचायला लागल्या की बायका ओरडायच्या, "आत्या, ओली टाचणी गार लागते हो!" त्यांची मांजर पांढरी, पाठीवर एक तपकिरी पट्टा, यंत्रातल्या रिळावर दोरा गुंडाळल्यासारखा, म्हणून नाव बॉबिन. दोघींचं बोलणं बोक्यानं कितीदा ऐकलं होतं. बॉबिन म्हणायची "म्याव." आत्या म्हणायच्या "हं?" पुन्हा "म्याव." पुन्हा "हं?" असं पाच-पाच मिनिटं चालायचं, आणि दोघींचं समाधान झालेलं असायचं.

एकदा आत्यांनी बोक्याच्या शर्टाची बाही बघितली. मांजरांच्या नखांनी चिंध्या झालेल्या. वहिनींचं आणि सुईचं वाकडं, बटण तुटलं तर शर्ट बदलायचा, हा त्या घरचा नियम. आत्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या, फाटलेल्या कडा आत दुमडल्या आणि तिथल्या तिथं बाही टाचून दिली. म्हणाल्या, "हा शर्ट घरी आणून दे. शिवून देते."

"कशाला आत्या, राहू द्या."

"टाचलेलं मी अर्धवट ठेवत नाही रे. टाचून ठेवलं म्हणजे शिवायचं. आण."

बोक्यानं नेला नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं. घरी गेल्यावर टाचण्या काढून टाकल्या आणि विसरला. मग कळलं, आत्या गेल्या. आपल्याच घरातल्या जिन्यावरून पडल्या. सकाळी दूध द्यायला आलेल्या बाईला दिसल्या. बॉबिन त्यांच्या छातीवर बसून होती आणि कुणाला जवळ येऊ देत नव्हती.

तिथून एकोणीस दिवसांनी फोन आला.

मंगळवार होता. नोव्हेंबरची अकरा तारीख. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. डॉक्टरबाई दुसऱ्या गावी गेल्या होत्या, बोका दवाखाना बंद करत होता. फोनवर आत्यांचा भाचा. म्हणाला, "आत्याचं मांजर पिसाळलंय. मला फाडून खाईल. आजच्या आज इंजेक्शन देऊन संपवा."

बोका म्हणाला, "तसं मला देता येत नाही साहेब. डॉक्टरच देतात, तेही तपासून. मी पिंजऱ्यात घालून घेऊन येतो, उद्या बाई बघतील."

"उद्या नाही. आजची रात्र ते मांजर घरात नको मला. तुमच्यानं होत नसेल तर सांगा, माझा मी करतो. फरशीवर आपटायला काय लागतं?"

बोक्यानं पिंजरा उचलला. कातडी हातमोजे, टॉवेल, बॅटरी, सगळं पिशवीत टाकलं. बॉबिनला मुकाट्यानं उचलायचं आणि घरी न्यायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. वहिनी ओरडल्या असत्या, पण ओरडून शेवटी दूध त्यांनीच पाजलं असतं.

बेकरीच्या मागची गल्ली. दोन्ही बाजूंना अरुंद, दुमजली घरं. बेकरीचा पंखा चालू होता, पावाचा वास गल्लीभर. बोका दारात पोचला तेव्हा घड्याळात आठ वीस झाले होते. भाच्यानं दार उघडलं. व्यायामशाळेत शिकवणारा माणूस, दंड असे की बाही उसवायला आलेली. इस्त्रीचा शर्ट, पण डोळे खोल गेलेले. मानेवर नखांचे तीन ओरखडे, सुकलेले.

खोलीत ट्यूबलाइट होती. भिंतीला कापड कापायचं मोठं टेबल, त्यावर कापडाची मोठी कात्री आणि मापाचा लाकडी गज. खिडकीपाशी शिवणयंत्र, यंत्रावर टाचण्यांचा गोल पत्र्याचा डबा, झाकण घट्ट लावलेलं. यंत्रापुढं आत्यांची खुर्ची, त्यावर बसून बसून दबलेली उशी. कोपऱ्यात कपडे घालून बघायचा पडदा. मागच्या बाजूला वर जाणारा लाकडी जिना. बोक्यानं सगळं बघितलं, कारण मांजर कुठं दडलं असेल ते आधी हेरायचं असतं.

बॉबिन शिवणयंत्राच्या पायट्याखाली होती. अंग चोरून, पाय पोटाखाली.

"इथं कधी आलात तुम्ही?" बोक्यानं सहज विचारलं.

"परवा. घर आवरायला. त्याआधी दोन महिने फिरकलो नव्हतो. बातमी कळली तेव्हाही मी बाहेरगावी होतो." भाचा भिंतीला टेकला. "हे मांजर झोपू देत नाही हो. बरोबर याच वेळेला सुरू होतं. बघा आता. बघा."

बोका फरशीवर मांडी घालून बसला. मांजराकडं पाहिलंच नाही. पाठ थोडी वळवली, डोळे सावकाश मिटले, उघडले. पुन्हा मिटले. दोन-तीन मिनिटं गेली. मग बॉबिन बाहेर आली.

त्याला वाटलं, ओळखलं हिनं. पण ती त्याच्याजवळून तशीच पुढं गेली. खुर्चीपाशी थांबली. शेपटी काठीसारखी उभी राहिली. टोकाला आकडा. खुर्चीच्या पायाला गाल घासला, मान वर केली, आणि उशीच्या वर, माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर बघून म्हणाली,

"म्याव."

थांबली. कान पुढं. कुणाचं उत्तर ऐकावं तशी.

"म्याव."

पुन्हा थांबली.

"बघितलंत?" भाचा म्हणाला. "रोज. रिकाम्या खुर्चीशी."

आणि बोक्याची जीभ सुटली. "वेड नाही साहेब हे. शेपटी बघा, ती म्हणते, तू आलीस, बरं झालं. आणि म्याव मांजर माणसालाच करतं. हिच्या हिशेबानं आत्या बसल्यात तिथं."

भाचा खुर्चीपासून लांब सरकला.

बोक्यानं हातमोजे काढून ठेवले, कारण हाडाला दुखापत असली तर ती उघड्या हातालाच कळते. बॉबिन चालताना डाव्या कुशीला जपत होती, ते त्यानं पाहिलं होतं. हळूच पोटाखाली हात घातला. ती घुरघुरायला लागली. मोठ्यानं, थांबत थांबत.

"आता बरी खूश झाली," भाचा म्हणाला.

"खूश नाही. घुरघुर सुखाचीच असते असं नाही साहेब. मांजर दुखण्यातसुद्धा घुरघुरतं. मरताना घुरघुरतं. स्वतःलाच थोपटतं ते." बोटं बरगड्यांवरून फिरली आणि एका जागी थांबली. "ही बघा. बरगडी मोडलीय. आपोआप सांधत आलीय. वीस-एक दिवस झाले असतील. लाथ आहे ही."

त्यानं बॉबिनला खाली सोडलं. ती जिन्याकडं गेली. जिन्याच्या पायथ्याशी एका फरशीवर थांबली आणि पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीनं दाबायला लागली, कणीक मळावी तसे. मळता मळता घुरघुर. मग एकदम ताठ झाली. भाच्याच्या उजव्या पायाकडं बघितलं. कान मागं. पाठीची कमान. पट्ट्यावरचे केस उभे. फिस्कारली, आणि दोन पावलं मागं सरकली.

सगळं बोक्यापुढं पाटीवर लिहिल्यासारखं उभं होतं. वाचायचं आणि गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. पण सवय हो! बावीस वर्षांची.

"ती म्हणते, इथं आत्या पडल्या होत्या," बोका जिन्याकडं बघत म्हणाला. "लगेच गेल्या नाहीत. ही त्यांच्या छातीवर बसून मळत होती, उठवत होती. आणि घाबरते ती तुमच्या उजव्या पायाला. अनोळखी माणसाला मांजर असं घाबरत नाही साहेब, अनोळखी माणसाला टाळतं. असं घाबरतं ते ओळखीच्याला. या पायानं तिला लाथ बसलीय. वीस-एक दिवसांपूर्वी, म्हणजे आत्या गेल्या त्याच..."

तिथं त्याचं त्यालाच ऐकू आलं.

तो थांबला.

पण तोवर मूठ उघडली होती.

खोलीत बेकरीच्या पंख्याचा आवाज तेवढा. मग दाराची कडी. वरची. मग खालची. भाच्यानं दोन्ही लावल्या आणि तो वळला. चेहऱ्यावर राग नव्हता. थकलेला दिसत होता.

"मी फक्त मांजराला लाथ मारली," तो म्हणाला. "जिन्यात पायात आलं. तर म्हातारी गज घेऊन धावून आली माझ्यावर. माझ्यावर! एका मांजरासाठी! मी नुसता हात झटकला..."

"साहेब, मला काही..."

"...आणि ती पडून राहिली तिथं. बघत होती माझ्याकडं. तोंडात टाचण्या तशाच. मी विचारलं, आत्या, लागलं का गं? तर म्हणाली, हं. हं. हं. तेवढंच. पायरीवर बसून राहिलो मी. ते मांजर घुरघुरत होतं, ही हं हं करत होती. कधी थांबतंय याची वाट बघत... चार तास."

पोरांनो, चार तास. गल्लीच्या तोंडाशी डॉक्टर होता.

बोक्यानं पिंजरा पुढं ओढला. बॉबिनला उचलायचं आणि खिडकीतून बाहेर टाकायचं, आपलं काय व्हायचं ते होवो. तो वाकला आणि त्याच्या कानशिलात गज बसला. लाकडी, चौकोनी. डोळ्यांपुढं पांढरं झालं. दुसरा फटका पाठीत. तो टेबलावर आदळला, टेबलासकट खाली आला. भाच्यानं मांजर मानगुटीला धरून उचललं आणि भिंतीवर फेकलं. धप्प असा आवाज. बॉबिन खाली पडली, उठली, पुन्हा पडली, उठली आणि भाच्याच्या तोंडावर झेपावली. चारही पंजांनी. त्याच्या भुवईपासून हनुवटीपर्यंत रक्त उतरलं. त्यानं तिला ओढून काढलं आणि फरशीवर फेकलं.

मग कात्री उचलली.

"आधी तू," तो मांजराला म्हणाला.

बोका मध्ये आला. काडी माणूस, काय अडवणार? पण आला. दोन्ही हात पसरून. कात्री दंडात शिरली. आत वळली. खांद्यापासून कोपरापर्यंत बाही फाटत गेली आणि बाहीच्या आतलं मांसही. तो ओरडला. भाच्यानं छातीवर लाथ मारून त्याला जिन्याच्या पायथ्याशी पाडलं. बरोबर त्या फरशीवर.

बॉबिन लंगडत जिना चढत होती. एक पायरी. दुसरी. चौथ्या पायरीवर तिचे पाय गेले. बसली.

भाचा बोक्याला ओलांडून वर निघाला. हातात कात्री, कात्रीवरून थेंब. पहिली पायरी. दुसरी.

बॉबिन फिस्कारली नाही.

बोक्यानं बघितलं. त्याला ते आजही तसंच दिसतं. समोर मरण आलेलं मांजर. कान मागं पडलेले असायला हवेत. शेपटी पोटाखाली हवी. पण बॉबिनचे कान पुढं आले. शेपटी हळूहळू वर उठली. उभी राहिली. काठीसारखी.

टोकाला आकडा.

ती भाच्याकडं बघत नव्हती. त्याच्या मागं बघत होती. खांद्याच्या वर.

"म्याव."

भाचा थांबला.

खाली खुर्ची करकरली. वजन उठल्यावर करकरते, तशी.

"मागं कोण आहे?" त्यानं बोक्याला विचारलं. मान न वळवता. "अरे ए... मागं कोण आहे?"

बोक्याला कुणी दिसत नव्हतं. ट्यूबलाइट लखलखीत. खोली रिकामी. फक्त तो जिथं पडला होता तिथं, त्याच्या कानाजवळून, कापड घासत गेल्यासारखं झालं. आणि पायरी वाजली. पहिली.

"म्याव."

दुसरी पायरी.

बॉबिननं मान वाकवली, आणि हवेला गाल घासला. तिचे गालावरचे केस दबले. बोक्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितले. कुणाच्या तरी हाताखाली दबावेत, तसे दबले.

आणि मग... भाच्याच्या कानापाशी... नाकातून, शेवटी वर चढलेलं...

"हं?"

भाचा किंचाळला. वळला. कात्री हवेत फिरवली, एकदा, दोनदा. पाय निसटला की कुणी निसटवला, ते बोका सांगत नाही. तो पालथा आला, पायरीवर तोंड आपटत, पुढच्या पायरीवर पुन्हा, आणि बोक्याच्या शेजारी येऊन पडला. किंचाळत होता. तोंड उघडं. किंचाळता किंचाळता आवाज बदलला. घशात काहीतरी दाटलं. किंकाळीचं झालं...

"हं... हं... हं..."

बोक्यानं त्याच्याकडं बघितलं. उजेडात त्याचं तोंड चमकत होतं.

टाचण्या. ओठांतून, गालांतून, जिभेतून. कुणी मूठभर कोंबाव्यात तशा. रक्त टाचण्यांच्या डोक्यांवरून ठिबकत होतं, आणि तो बोलू पाहत होता, आणि होत होतं फक्त हं.

त्यानंतर बेकरीवाल्यानं दार फोडलं. आरडाओरडा त्याला भिंतीतून ऐकू गेला होता. पोलीस आले, दवाखाना झाला. पोलिसांनी सरळ लिहिलं, टाचण्यांचा डबा पायरीवर असणार, पडताना त्यात तोंड गेलं. बोक्यानं सांगून पाहिलं, की डबा शिवणयंत्रावर आहे, मी आलो तेव्हाही होता, झाकण अजून लावलेलं आहे. हवालदारानं जाऊन डबा उचलला. झाकण घट्ट होतं. नखानं उघडावं लागलं.

डबा रिकामा होता.

भाचा नऊ दिवस जगला. बोलता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यानं खुणेनं कागद मागितला आणि सगळं लिहून दिलं, लाथ, जिना, चार तास, सगळं. कुणी विचारलंही नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, याच्या मनात तर लख्ख ऊन पडलं होतं. नर्स सांगायची, रात्री आठ वाजले की तो खाटेशेजारच्या खुर्चीकडं बघून रडायचा. खुर्ची हलवली तरी, जिथं हलवली तिथं बघून.

असो. तुम्ही विचाराल, बॉबिनचं काय? बोक्यानं हाताला टाके घालून घेतले, डॉक्टर शिव्या देत होते तरी बॉबिनला टॉवेलात गुंडाळून मांडीवर ठेवलं, आणि त्याच रात्री तिला घरी नेलं. वहिनी दारातच म्हणाल्या, "हे ध्यान कुठं निजणार?" आणि मागच्या खोलीत जुनी गोधडी टाकली. बोक्याचा तो शर्ट तिथंच खुर्चीच्या पाठीवर टाकला, रक्तानं कडक झालेला, सकाळी फेकून देऊ म्हणून. खिडकी लावली. खोलीला बाहेरून कडी घातली, मांजर पहिल्या रात्री पळून जाऊ नये म्हणून.

पहाटे वहिनींना जाग आली. आतून आवाज येत होता. म्याव. मग थोडा वेळ काहीच नाही. म्याव. मग पुन्हा काहीच नाही. त्यांना वाटलं, नवीन जागा, रडत असेल बिचारी. त्यांनी बोक्याला हलवलं. बोका जागाच होता. छताकडं बघत होता. म्हणाला, "उठू नकोस. रडत नाही ती."

सकाळी सहा-सव्वासहाला वहिनींचा मला फोन, हे खोली उघडू देत नाहीत, लगेच या. मी तसाच गेलो. कडी मी माझ्या हातानं काढली. बॉबिन गोधडीवर झोपली होती, पोट वर करून. पोट वर करून मांजर कधी झोपतं ते तुम्हाला बोक्यानं सांगितलं असतं. कशाचीच भीती उरली नसेल तेव्हा.

शर्ट खुर्चीवर होता. पण टाकलेला नव्हता. पाठीवर नीट घडी घालून ठेवलेला, फाटकी बाही वर काढून. कडा आत दुमडलेल्या. आणि खांद्यापासून कोपरापर्यंत, एका रेषेत, सारख्या अंतरानं, सात टाचण्या.

वहिनी म्हणाल्या, "आपल्या घरात टाचणी नाही हो. एकसुद्धा नाही." त्या काढायला पुढं झाल्या. बोक्यानं चांगल्या हातानं त्यांचं मनगट धरलं. म्हणाला, "राहू दे. टाचून ठेवलंय. शिवायला यायच्यात अजून."

मला वाटलं, मार लागलाय, डोकं फिरलंय याचं. मी पुढं झालो आणि एका टाचणीच्या डोक्याला बोट लावलं.

ओली होती.